एर्मिताज (लाल वाइन)

फ्रान्सच्या आग्नेय भागात ऱ्होन नदीच्या डाव्या तीरावर, तँ-लेर्मिताज गावामागे उभ्या असलेल्या टेकडीवरची वाइन. मळ्यांचे क्षेत्र सुमारे १३५ हेक्टर. लाल वाइनसाठी सिरा जातीची द्राक्षे वापरतात. मार्सान व रुसान ही पांढरी द्राक्षे १५ टक्क्यांपर्यंत मिसळण्याची मुभा आहे, मात्र ती फारसे कोणी घेत नाही. १९३७ मध्ये एर्मिताजला कायदेशीर मानांकन मिळाले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या वाइनला अंग, म्हणजे भरीवपणा, यावा म्हणून तीत एर्मिताज मिसळत.

टेकडीची माती सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेकडील बेसार्ड या तुकड्याच्या ग्रॅनाइटमधून ताठ, कणखर वाइन येते. शेजारच्या मेआलच्या गोट्यागोट्यांच्या जमिनीतली वाइन अधिक भरदार असते. शाव्हसारखे जुने उत्पादक वेगवेगळ्या तुकड्यांचा माल एकत्र करून तोल साधतात.

कोवळी एर्मिताज गडद जांभळी असते. तिला काळ्या बेरींचा, व्हायोलेट फुलांचा आणि ठसठशीत काळ्या मिरीचा वास येतो. हा मिरीचा वास म्हणजे नुसती उपमा नव्हे. रोटंडोन हे एकच द्रव्य मिरीत आणि सिराच्या सालीत असते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पहिल्या घोटालाच हिरड्या आवळल्यासारख्या होतात. पुढे काही वर्षे बाटली अनेकदा मुकी होते, वासही देत नाही. इथेच लोक निराश होऊन ती वाया घालवतात. खरे तर या काळात तिला हातही लावू नये. चांगल्या सालची वाइन वीस-तीस वर्षे सहज मुरते. पॉल जाबुले एने यांची १९६१ ची ‘ला शापेल’ ही एर्मिताज अजूनही दाखल्यादाखल सांगितली जाते. मुरताना टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना जोडली जाऊन तळाशी बसतात, रंग विटकरी होतो, तुरटपणा निवळतो आणि चामडे, अळिंबी, ओल्या पालापाचोळ्याचे वास वर येतात.

साठवणीसाठी १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान, अंधार आणि पुरेसा दमटपणा हवा. बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात. तापमान थोडे चुकले तरी एक वेळ चालते, ते सतत वरखाली होणे अधिक घातक. मुंबई-पुण्याच्या घरात उन्हाळाभर कपाटात ठेवलेली बाटली टिकणार नाही, त्यासाठी वाइनचे खास शीतकपाटच लागते. नाशिककडेही सिरा हीच जात शिराझ नावाने लावतात, पण तिथली बहुतेक वाइन लवकर पिण्याजोगी असते.

परवडत असेल तर एकाच सालच्या चार-सहा बाटल्या घेऊन त्या काही वर्षांच्या अंतराने उघडाव्यात, म्हणजे बदल जिभेवर कळतो. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून गाळ खाली बसू द्यावा आणि उजेडापुढे धरून सावकाश ओतावी. गाळ मानेपाशी दिसला की थांबावे. कोवळ्या वाइनला दोन-तीन तास हवा मानवते. फार जुनी मात्र ओतल्यावर लगेच प्यावी, कारण तिचा वास तासाभरातही ओसरू शकतो.