फ्लोराइड दाताला हवं, पोटाला नको

लहान मुलांच्या पालकांसाठी आमच्या दंत दवाखान्याकडून

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना फ्लोराइड माहीत झालं ते बोअरच्या पाण्यामुळे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग, मोठ्या माणसांचे आखडलेले सांधे. त्यामुळे आम्ही मुलासाठी फ्लोराइडची पेस्ट लिहून दिली की पालक दचकतात. “डॉक्टर, फ्लोराइडनंच तर दात खराब होतात ना?” हा प्रश्न आम्हाला सारखा ऐकू येतो आणि तो अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

दात किडतो तेव्हा काय होतं

बिस्किट, चॉकलेट, गोड दूध असं काही खाल्लं-प्यायलं की दातावरच्या पांढुरक्या थरातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली (सामू, म्हणजे पीएच, साधारण 5.5 च्या खाली; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) की दाताच्या वरच्या कठीण कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतं. पुढे अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते आम्ल मारते आणि गेलेले क्षार पुन्हा दातात बसू लागतात. ही झीज आणि भरपाई दिवसभर चालू असते. मूल तासातासाला काहीतरी गोड चघळत असेल तर भरपाईला वेळच मिळत नाही.

फ्लोराइडचं काम या भरपाईत आहे. लाळेत ते थोडंसं जरी असलं तरी क्षार लवकर बसतात, आणि जो नवा थर तयार होतो तो आधीपेक्षा चिवट असतो. सामू साधारण 4.5 पर्यंत उतरला तरी तो टिकतो. हे सगळं दाताच्या पृष्ठभागावर घडतं, पोटात गेलेल्या फ्लोराइडचा त्यात फारसा वाटा नसतो. म्हणून मुलांना फ्लोराइडच्या गोळ्या किंवा थेंब आम्ही देत नाही. रोज दोनदा दाताला लागणारी पेस्ट पुरते.

मग डाग कशानं पडतात?

हिरडीच्या आत पक्का दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, रोज जास्त फ्लोराइड पोटात जात राहिलं तर कवच नीट घडत नाही. दात बाहेर येतो तोच पांढऱ्या रेघा किंवा चट्टे घेऊन; पुढे ते तपकिरी होतात.

आता हिशेब बघा. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. समजा बोअरच्या पाण्यात ते 3 मिलिग्रॅम आहे आणि मूल दिवसाला लिटरभर पाणी पितं: 3 मिलिग्रॅम रोज पोटात. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 पीपीएम फ्लोराइड घालता येतं, म्हणजे ग्रॅमला 1 मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते. मुलाने ती सगळी गिळली तरी पाव मिलिग्रॅम. तेव्हा डागांची काळजी असेल तर आधी पाणी बदला, पेस्ट नव्हे.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून किंवा साध्या कँडल फिल्टरनेही ते हटत नाही. आरओने कमी होतं. हापशाचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल तर ग्रामपंचायतीत तपासणीचा अहवाल मागा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही नमुना तपासून मिळतो.

पेस्ट किती, कशी

पहिला दात दिसला की ब्रश सुरू करा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसतो तसा ब्रशभर पट्टा मुलाला कधीच नको. पेस्ट तुम्हीच लावून द्या आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. बरीच पेस्ट खाल्ली गेली तर दूध पाजा आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

घासून झालं की फेस थुंकायला लावा आणि तिथेच थांबा. तांब्याभर पाण्यानं खळखळून चूळ भरायची आपली सवय इथे आड येते, कारण दातावर राहिलेलं फ्लोराइड त्या पाण्याबरोबर निघून जातं. थुंकता न येणाऱ्या बाळाचे दात ओल्या फडक्यानं हलकेच पुसा. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको; दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर नकोच. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला तेवढी सफाई नसते, तोवर रात्रीचा ब्रश आई-वडिलांनीच करावा.

पेस्ट ‘हर्बल’ आहे की नाही याला महत्त्व नाही, खोक्यावर फ्लोराइडचं प्रमाण छापलेलं आहे का ते वाचा. राखुंडी नको. मशेरी तर मुलाच्या आसपासही नको, ती तंबाखू आहे.

ओठ उचलून बघा

महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा वरचा ओठ उचला, पुढचे दात कोरड्या कापडानं पुसा आणि हिरडीलगत बघा. खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर पेस्ट, गोड कमी करणं आणि आमच्याकडचा फ्लोराइड वार्निश यांनी कीड थांबू शकते, मागेही फिरू शकते. खड्डा पडल्यावर मात्र फ्लोराइड तो भरून काढत नाही.

वार्निश ब्रशनं दातांवर लावतो. काही मिनिटांचं काम, सुई नाही, दुखणं नाही. त्या दिवशी दात पिवळट दिसतील. मऊ खायला द्या आणि दुसऱ्या सकाळी ब्रश करा. दर सहा महिन्यांनी लावतात, कीड जास्त असेल तर तीन महिन्यांनी.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ येते. अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते. ती पक्की आहे, गेली तर पुन्हा येत नाही. तिच्या खोल खाचांत ब्रशही पोचत नाही आणि फ्लोराइडही कमी पडतं, म्हणून त्या खाचा सीलंटने, म्हणजे खाचा बंद करणाऱ्या पातळ लेपाने, बुजवून घेणं चांगलं. ती दिसताच मुलाला दाखवायला आणा; सोबत सध्याच्या पेस्टचं खोकं आणि असल्यास पाण्याचा अहवालही आणा.