व्हीपीएन लावला म्हणजे आपण अदृश्य होतो का?

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या संगणकातून, म्हणजे सर्व्हरमधून, वळवून नेणारी सेवा. काही देशांत वयाची खातरजमा केल्याशिवाय विशिष्ट संकेतस्थळं उघडत नाहीत. त्यामुळे पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत राहतो: ‘व्हीपीएन लावा, मग तुम्ही कोण, किती वर्षांचे, हे कुणालाच कळत नाही.’

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. व्हीपीएनमुळे संकेतस्थळाला तुमच्याऐवजी व्हीपीएनच्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक) दिसतो, आणि तुम्ही कुठलं संकेतस्थळ उघडलंत हे इंटरनेट पुरवठादाराला दिसत नाही. बस्स, एवढंच. ती माहिती आता व्हीपीएन कंपनीच्या हातातून जाते. फुकटच्या अ‍ॅपवर इतका विश्वास टाकावा का, हा विचार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिवाय भारतात सरकारच्या 2022 च्या निर्देशांनुसार अशा कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क किमान 5 वर्षं जपून ठेवायचा आहे.

स्वतः पडताळून पाहा. कोथरूडमध्ये बसून, व्हीपीएन बंद असताना ‘माझा आयपी पत्ता’ असं शोधा. मग परदेशी सर्व्हर निवडून पुन्हा शोधा. आकडा बदललेला दिसेल. आता तुमचा ईमेल उघडा. लॉगिन तेच, नाव तेच, खातं काढताना दिलेली जन्मतारीखही तीच. कुकीज, म्हणजे तुम्हाला ओळखण्यासाठी संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, तशाच राहतात. नकाशाच्या अ‍ॅपला जीपीएसची परवानगी असेल, तर निळा ठिपका कोथरूडमध्येच दिसेल.

आणि ओळखपत्राचा फोटो एकदा अपलोड केलात, की तो व्हीपीएनमुळे झाकला जात नाही.