जखम भरताना शरीरात काय घडते: मधुमेही ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वडोदऱ्यातील दांडिया बाजार, रावपुरा आणि आसपासच्या भागांत आम्ही घरी ड्रेसिंग करण्यासाठी येतो, तेव्हा घरची मंडळी हमखास विचारतात की, पट्टी नियमित बदलूनही जखम भरत का नाही. याचे उत्तर बऱ्याचदा मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींच्या कामात सापडते.

जखम झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत या पेशी तेथे जमतात आणि प्रथम जंतूंशी लढतात. त्यांच्या या अवस्थेला एम-१ म्हणतात. लाली, सूज, ठणका ही या लढ्याचीच लक्षणे असतात, म्हणून सुरुवातीच्या मर्यादित सुजेला घाबरू नये. जंतू हटले आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळून झाला की मॅक्रोफेज आपले काम बदलून दुरुस्तीच्या, म्हणजे एम-२ अवस्थेकडे वळतात. हा बदल विलक्षण आहे. आर्जिनिन या एकाच अमिनो आम्लापासून एम-१ पेशी जंतुनाशक नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, तर एम-२ पेशी ऑर्निथिन तयार करतात व त्यातून नव्या ऊतीला लागणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचा कच्चा माल मिळतो. अर्थात ही दोन टोके झाली. प्रत्यक्षात बहुतेक पेशी अधल्यामधल्या अवस्थेत असतात.

मधुमेहात हे वळण लांबते. रक्तातील साखर सतत वाढलेली असली की पेशी एम-१ अवस्थेतच अडकून राहतात आणि दाह धुमसत राहून नवी ऊतीही झिजवतो. नवरात्रात अनवाणी गरबा खेळताना टोचलेल्या खड्याची जखम दिवाळी उलटली तरी ओली राहते, तळाशी पिवळट थर साचतो, कडा जाड होतात. जखम भरू लागली असेल, तर तळाशी लाल, दाणेदार मांस दिसते.

केवळ पट्टीने हा बदल घडून येईल, असा दावा आम्ही करीत नाही. डॉक्टरांकडून मृत थर काढून घेणे, पायावरचा दाब कमी करणारी पादत्राणे वापरणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे यांवाचून कोणतेही महागडे ड्रेसिंग पुरे पडत नाही, आणि हे आम्ही आमचा माल विकतानाही सांगतो. स्टेरॉइडयुक्त मलम स्वतःच्या मनाने लावू नये, कारण त्याने जखम भरणे आणखी लांबू शकते.

लाली पसरू लागल्यास, दुर्गंधी, ताप किंवा काळसरपणा दिसल्यास आमच्या पुढच्या फेरीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. मधुमेहाने पाय बधिर झाला असेल, तर ठणका नसतानाही.