एकट्याच्या प्रवासासाठी बाइक बदलताय? आरटीओचा अर्ज नेमका कुठे अडतो

मागची सीट काढून रॅक बसवायचा, पेट्या लावायच्या आणि अलिबागहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत एकट्याने जायचं, असा बेत करणारे बरेच आहेत. बेत चांगलाच आहे. फक्त गॅरेजात जाण्याआधी हे वाचा, कारण काम उरकून मग आरटीओत गेलेल्यांचे हाल बघवत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ १४ दिवसांचा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदल केल्यावर १४ दिवसांत कळवा, असं आहे. लोक तेवढंच वाचतात आणि आधी बदल करून मोकळे होतात. पण हे १४ दिवस मोजायचे ते परवानगी हातात आल्यावर केलेल्या बदलापासून. परवानगी आधी, पाना नंतर. विनापरवानगी, नियमात न बसणारा बदल सापडला तर कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दिलासा असा की एकट्याने फिरणाऱ्याला हवं असलेलं पुष्कळसं काम अर्जाशिवाय होतं. गाडीच्या रचनेत मूळ वैशिष्ट्य बदलेल असा फरक म्हणजे कायद्याच्या भाषेत बदल. नटबोल्टवर बसणारी सामानाची पेटी त्यात येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ मध्ये दुचाकीवरच्या पेटीची मापंच दिली आहेत: लांबी ५५० मिमी, रुंदी ५१०, उंची ५००, आणि सामानासकट वजन ३० किलोपर्यंत. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली तर मागे कुणाला बसवायचं नाही. एकट्याला एवढं पुरतं! म्हणून माझा आग्रह असा की सबफ्रेम (सीटखालचा सांगाडा) कापू नका. धरायची दांडी, मागचं फूटरेस्ट आणि साडीगार्डही काढू नका. दुचाकीला ते असलंच पाहिजे, असं तोच नियम सांगतो.

रंग, इंजिन, चासी यांना हात लावायचा तर अर्ज हवाच. रंग बदलता येतो, पण आरसीवर त्याची नोंद लागते. कंपनीने ठरवलेल्या रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा चासी कापून लांब केलेल्या गाडीला मंजुरीची आशा धरू नका.

अर्ज केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर भरायचा. आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फी. यात अवघड काही नाही.

अवघड आहे तो नव्याने बसवायच्या भागाच्या मान्यतेचा कागद. तो कुणाकडेच नसतो. पुण्याच्या एआरएआयसारखी चाचणी संस्था प्रमाणपत्र देते ते भाग बनवणाऱ्याला, तुम्हाला नाही. नाक्यावरच्या वेल्डरने पावतीपुस्तकात ‘सीट + रॅक’ लिहून दिलेलं चिटोरं खिडकीवर पुढे करून उपयोग काय? भाग घेतानाच विक्रेत्याकडे मान्यतेची प्रत आणि जीएसटी बिल मागा. नाही म्हणाला तर तिथून उठा.

दुसरी अडचण आपल्याकडची खास. गाडी मुंबईच्या पत्त्यावर आणि माणूस राहतो चिपळुणात. अर्ज जातो तो तुम्ही राहता तिथल्या आरटीओकडे, म्हणून आधी आरसीवरचा पत्ता बदलून घ्या. तो खरं तर घर बदलल्यापासून ३० दिवसांतच कळवायचा असतो. कर्ज चालू असेल तर बँकेचं लेखी संमतीपत्र हवं, आणि ते मिळायला वेळ लागतो. एका साध्या कागदासाठी माणसाला किती खेपा घालायला लावतात, हे बघून चीड येते.

तपासणीला निरीक्षक चासी नंबर बघतात. खाऱ्या वाऱ्याने त्यावर गंज चढलेला असतो. रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश वापरा, पॉलिश पेपर अजिबात नको. एखादा आकडा घासला गेला तर नंबर खोडल्याचा संशय येतो आणि तो निस्तरणं फार जड जातं.

नोंद झाली की नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला पाठवा आणि पॉलिसीवर तशी दुरुस्ती करून घ्या. ही दुरुस्ती हातात येईपर्यंत आंबा किंवा कुंभार्ली घाटात गाडी घालू नका.