होडी बांधताना भरतीचा हिशेब

उधाणाच्या भरतीला धक्क्याशी लागलेल्या होडीतून पाय उचलला की थेट धक्क्यावर पडतो. सहा तासांनी तीच होडी दोन पुरुष खाली, चिखलात टेकलेली दिसते. चेंदणी, वाशी, सारसोळे, दिवाळे असे ठाणे खाडीच्या काठचे सगळे कोळीवाडे हा चढउतार दिवसातून दोनदा पाहतात. त्यामुळे इथे दोर किती लांब सोडायचा हे होडी आत्ता कुठे आहे यावर ठरवून चालत नाही. पाणी कुठवर चढणार आणि कुठवर उतरणार, त्यावर ते ठरतं.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक साधारण ४ मीटर असतो, मोठ्या उधाणाला त्याहूनही जास्त. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंदावते तेव्हा, तो दीड-दोन मीटरवर येतो. वेळेसाठी जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं. आकडा नेमका हवा असेल तर भरतीचं कोष्टक बघावं. त्यात भरती ४.६ मीटर आणि ओहोटी ०.४ मीटर दिली असेल, तर होडी ४.२ मीटर वरखाली होणार.

हे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ नियम बाराव्या हिश्श्यांचा आहे: पहिल्या तासाला १ हिस्सा, मग २, ३, ३, २ आणि शेवटी १. वरच्या ४.२ मीटरला तो लावला तर पहिल्या तासात ३५ सेंटीमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी १०५ सेंटीमीटर. पाणी थबकलेलं असताना बांधलेली होडी पहिला तासभर शहाण्यासारखी उभी राहते आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. दोर ताणला जातो तो त्यानंतर.

आता दोराची लांबी. भरतीला होडीचा काठ आणि धक्क्यावरचा खांब एका पातळीत आहेत आणि दोर ३ मीटर आडवा आहे असं धरा. पाणी ४ मीटर उतरलं की त्याच दोराला तिरकं ५ मीटर अंतर गाठावं लागतं. शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण तो हाच. २ मीटर दोर कुठून येणार? नायलॉन ताणतो, पण इतका नाही. मग होडी एका कुशीवर लटकते, नाहीतर खुंटी फळीसकट उपटून येते. तोच दोर १२ मीटरचा असता तर ४ मीटर उतरणीला फक्त ६५ सेंटीमीटर जास्त लागले असते, आणि तेवढं दोराच्या झोळात सहज भागतं. म्हणून होडीपासून सरळ समोरच्या खांबाला आखूड दोर बांधू नये. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, दोर बराच पुढच्या खांबाला न्यावा, मागच्या टोकाचा बराच मागच्या. शिवाय नाळेकडून मागे आणि मागच्या टोकाकडून पुढे जाणारे दोन तिरके दोर हवेत. होडी धक्क्यालगत पुढेमागे सरकते ती यांच्यामुळे थांबते.

उलटी चूक जास्त घातक असते. ओहोटीला आखूड बांधलेली होडी भरतीला वर यायला बघते आणि दोर नाळ खाली धरून ठेवतो. काठ पाण्याखाली गेला की मिनिटांत होडी भरते. पावसाळ्यात आत आधीच पावसाचं पाणी साचलेलं असलं तर त्याहूनही लवकर.

धक्क्याला लागताना पाण्याच्या ओढीच्या विरुद्ध तोंड करून यावं, म्हणजे पाणीच ब्रेकचं काम करतं. आधी नाळेचा दोर खांबावर जावा. गाठ नंतर, आधी वेढे. हातात फक्त १० किलोची पकड असली आणि दोर व खांब यांच्यातलं घर्षण ०.३ धरलं, तर एका पूर्ण वेढ्याने सुमारे ६५ किलोची ओढ थोपते, दोन वेढ्यांनी ४३० किलोची, तीन वेढ्यांनी २,८०० किलोची. प्रत्येक वेढ्यागणिक ताकद साडेसहा पटीने गुणली जाते. ओल्या, बुळबुळीत दोराला हे सगळे आकडे कमी होतात, पण प्रत्येक वेढ्यागणिक गुणाकार होत जाण्याची रीत तीच राहते. म्हणून दोन वेढे आणि त्यावर दोन अर्ध्या गाठी ही बांधणी उत्तम: भार वेढ्यांवर राहतो आणि दोर ताणलेला असतानाही ती सोडता येते. होडीवरच्या खुंटीला आधी एक पूर्ण वेढा, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दोन-तीन फेरे आणि शेवटी एक उलटी अढी. दोर पंज्याला गुंडाळून कधीही ओढू नये. झटका आला की वेढा बोटांवरच आवळतो.

सहा-सात मीटरच्या फायबर होडीला १२ मिलिमीटरचा नायलॉन दोर पुरतो. नवा असताना तो सुमारे ३ टनांना तुटतो, पण गाठीत त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते आणि भिजल्यावर आणखी थोडी. नायलॉनचा गुण म्हणजे तो झटका पोटात घेतो, शिवाय पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर तरंगतो आणि शेजारच्या होडीच्या पंख्यात अडकतो, उन्हाने त्याची कुसळं निघायला लागतात. धक्क्याच्या सिमेंटवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारेवर कुठलाही दोर एका उधाणात अर्धा कापला जाऊ शकतो. दोर जिथे घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा चिरून चढवावा.

खाडीत रोवलेल्या खांबाला सैल फास घालून होडी बांधली तर फास पाण्याबरोबर वरखाली सरकतो, हिशेबच नको. मात्र फास कालवांत अडकत नाही ना हे बघावं लागतं, आणि खांबाचं डोकं मोठ्या उधाणाच्या पाण्यापेक्षा निदान हाताभराने वर असावं लागतं. नाहीतर फास वरून निसटतो आणि होडी वाशीच्या पुलाकडे चालू लागते.

दोर तट्ट ताणलेला आणि होडी लटकलेली आढळली तर दोराच्या रेषेत उभं राहू नये. ताणलेला नायलॉन तुटताना चाबकासारखा मागे येतो. बाजूला उभं राहून अर्ध्या गाठी सोडाव्यात आणि वेढे ठेवूनच दोर वीतवीत ढिला करावा. गाठ सुटत नसेल तर आधी त्याच टोकाला दुसरा दोर बांधून भार त्यावर घ्यावा, आणि मगच पहिल्याला सुरी लावावी.