लाल झालं म्हणजे शिजलं का?

घरी पहिल्यांदा लॉब्स्टर टेल, म्हणजे लॉब्स्टरच्या शेपट्या केल्या, तेव्हा माझी नजर कवचावर खिळली होती. ग्रिलखाली ठेवल्यावर दोन-तीन मिनिटांतच काळपट कवच नारिंगी झालं. इतक्यात कसं शिजेल, म्हणून आणखी थोडा वेळ ठेवलं. मग रंग जरा गडद यावा म्हणून आणखी थोडा वेळ. रंग फर्मास आला, मांस मात्र खोडरबर झालं. पाहुणे सभ्य होते, चावत राहिले आणि काही बोलले नाहीत.

चूक साधी होती. कवच लाल होणं आणि आतलं मांस शिजणं या दोन वेगळ्या घडामोडी आहेत. पहिली डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिच्यावर विश्वास टाकतो.

रंगाचं आधी बघू. लॉब्स्टरच्या (आपल्या शेवंडीच्या) कवचात अ‍ॅस्टॅझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. गाजराला नारिंगी करणाऱ्या कॅरोटीनचं हे भावंड, आणि सॅमन माशाचा गुलाबी रंगही याचाच. लॉब्स्टरला हे द्रव्य मुळापासून बनवता येत नाही. त्याचा कच्चा माल खाण्यातूनच मिळवावा लागतो. मोकळं असताना ते तांबूस-नारिंगी दिसतं. कवचात मात्र क्रस्टासायनिन नावाच्या प्रथिनाने ते घट्ट पकडून ठेवलेलं असतं. या पकडीत त्याचा आकार आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांची स्थिती बदलते. मोकळं असताना ते ४७० ते ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळसर प्रकाश शोषतं. प्रथिनाच्या मिठीत गेलं की ६३२ नॅनोमीटरचा, म्हणजे नारिंगी-लाल प्रकाश शोषायला लागतं. उरलेला निळा प्रकाश आपल्याकडे येतो आणि जिवंत प्राणी निळा-काळा दिसतो. या प्रथिनाच्या मूळ घटकाची, म्हणजे दोन प्रथिनांच्या जोडीची रचना २००२ साली ब्रिटनमध्ये जॉन हेलिवेल, नाओमी चायेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली. पूर्ण वाढलेल्या रेणूत अशा आठ जोड्या एकत्र येतात आणि अ‍ॅस्टॅझँथिनचे सोळा रेणू धरून ठेवतात.

आच लागली की प्रथिनाची घडी विस्कटते, पकड सुटते आणि दडलेला लाल रंग मोकळा होतो. कवच सगळ्यात बाहेर असल्यामुळे हे सगळ्यात आधी तिथेच घडतं. त्या वेळी मांसाचा गाभा जवळजवळ कच्चा असू शकतो, किंवा माझ्यासारखं केलं तर केव्हाच शिजून पुढे गेलेला असतो. रंग दोन्ही वेळा सारखाच.

आता मांसाकडे. आपण जिला शेपटी म्हणतो, ते जीवशास्त्राच्या दृष्टीने लॉब्स्टरचं पोट. खरी शेपटी म्हणजे टोकाचा पंखा. पण आतडी बाकी सगळी पुढच्या भागात, इथून फक्त एक बारीक नळी जाते. उरलेला जवळजवळ सगळा भाग स्नायू. धोका जाणवताच लॉब्स्टर हे पोट झटक्यात आत दुमडतो आणि उलट दिशेला बाणासारखा निसटतो. दुमडणारे स्नायू खालच्या बाजूला असतात आणि चांगले जाडजूड असतात. सरळ करणारे त्यांच्यापुढे किरकोळ. भांड्यात पडल्यावर शेपटी गोल वळते ती याचमुळे. उष्णतेने तंतू आखडतात, आणि जिथे ते जास्त तिथे ओढ जास्त. खालच्या बाजूने लांबीभर एक ओली लाकडी काडी खुपसली की शेपटी सरळ राहते.

एका झटक्यापुरता हा स्नायू आहे, म्हणून तो पांढरा आहे. सतत राबणाऱ्या स्नायूंसारखं प्राणवायू साठवणारं लाल मायोग्लोबिन त्यात नगण्य. रक्तही लाल नसतं. त्यात प्राणवायू वाहून नेणारं, लोहाऐवजी तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं. शिजल्यावर मांसावर पांढरट, दह्यासारखा साका दिसला तर घाबरू नका, ते गोठलेलं रक्त आहे. ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

गोडवा कुठून येतो? खाऱ्या पाण्यात राहायचं तर पेशींमधलं पाणी बाहेर खेचलं जाऊ नये म्हणून आत काहीतरी विरघळलेलं लागतं. लॉब्स्टर त्यासाठी ग्लायसिनसारखी अमिनो आम्लं साठवतो, आणि ग्लायसिन जिभेला गोड लागतं. पण ही द्रव्यं पाण्यात सहज विरघळतात. शेपट्या मोठ्या पातेल्यात उकळल्या की चव पाण्यात जाते आणि ते पाणी आपण ओतून देतो. पहिल्यांदा करणाऱ्याने वाफेवर शिजवावं, असं माझं मत. ग्रिल दिसायला भारी, पण चुकीला माफी नाही.

सगळा खेळ दहा-पंधरा अंशांचा आहे. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन हे प्रथिन गोठायला लागतं. मांस घट्ट होतं आणि काचेसारखं अर्धपारदर्शक असलेलं दुधासारखं पांढरं व्हायला लागतं. ६५ अंशांच्या पुढे अ‍ॅक्टिन हे स्नायूतलं दुसरं प्रथिनही विस्कटतं, तंतू पिळल्यासारखे आखडतात आणि पाणी बाहेर पडतं. खोडरबर इथे तयार होतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अशा समुद्री अन्नासाठी गाभ्याचं तापमान ६३ अंश सांगतं. जेवायला गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी असेल तर तो आकडा पाळावाच. आच बंद केल्यावरही बाहेरची उष्णता आत सरकत राहते, म्हणून मी ६० च्या आसपास उतरवतो आणि काटा चढताना बघत बसतो. थर्मामीटर मांसाच्या सगळ्यात जाड भागात, आडवा घालायचा. टोक कवचाला टेकलं तर आकडा कवचाचा मिळतो, आणि कवचाने आपल्याला एकदा फसवलेलं आहे.

पाककृतींमध्ये बऱ्याचदा वजनावरून मिनिटं सांगतात, त्यात एक गोम आहे. उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि वजन वाढतं जाडीच्या घनाप्रमाणे. दीडशे ग्रॅमच्या शेपटीला सहा मिनिटं लागली, तर त्याच ठेवणीच्या तीनशे ग्रॅमच्या शेपटीला बारा लागत नाहीत, साडेनऊच्या आसपास लागतात. वजन दुप्पट म्हणून वेळ दुप्पट केला की शेवटची अडीच मिनिटं निव्वळ नासाडी. लहान-मोठ्या शेपट्या एकत्र असतील तर मोठ्या आधी ठेवाव्यात.

शेपट्या बहुधा गोठवलेल्या मिळतात, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. लॉब्स्टरच्या पुढच्या भागातल्या पचनग्रंथीत प्रथिनं तोडणारी जबरदस्त विकरं असतात. प्राणी मेला की ती झिरपायला लागतात आणि शेजारच्या मांसाचा लगदा करतात. म्हणून शेपटी लगेच वेगळी करून गोठवावी लागते. शिजवल्यावर मांस पिठासारखं भुसभुशीत लागलं, तर दोष बहुतेक वेळा तुमच्या हाताचा नसतो. ती ढिलाई आधीच कुठेतरी झालेली असते. अमोनियासारखा वास आला तर मात्र सरळ टाकून द्या.

गोठलेली शेपटी तशीच आचेवर ठेवू नये. बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेवढंच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. गाभ्यातला बर्फ ती गिळत बसतो आणि तोवर बाहेरचा थर वाळून जातो. आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवावी. घाई असेल तर पिशवीत नीट बंद करून गार पाण्यात. कोमट पाण्यात नको, जिवाणू आणि विकरं दोघांनाही ते आवडतं.

पाहुणे येणार असतील तर आधी एक विचारून घ्या, कवचाच्या जलचरांची अ‍ॅलर्जी आहे का. तिचं मुख्य कारण असलेलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. कितीही शिजवलं तरी टिकतं. काहींना नुसत्या वाफेनेही त्रास होतो.

ग्रिलच करायचं असेल तर धारदार कात्रीने पाठीवरचं कवच मधोमध कापत पंख्यापर्यंत जायचं. दर पेऱ्याला कट् असा आवाज येतो आणि हाताला जोर लागतो, कारण कवच कायटिन या चिवट द्रव्याच्या धाग्यांच्या एकावर एक फिरवत रचलेल्या थरांचं असतं, त्यात चुना भरलेला. मग बोटांनी कवच फाकवून मांस सुटं करायचं, पंख्याजवळ जोडलेलं ठेवायचं, वर उचलून कवचावर बसवायचं आणि ती काळी नळी काढून टाकायची. वरच्या कॉइलपासून वीतभर अंतर ठेवावं. पृष्ठभाग १४० अंशांच्या वर गेला की अमिनो आम्लं आणि साखरा मिळून खमंग तपकिरी रंग धरतात. लॉब्स्टरमध्ये अमिनो आम्लं भरपूर, त्यामुळे हा रंग भराभर येतो आणि करपतोही तितक्याच लवकर. वर लावायला नुसत्या लोण्यापेक्षा तूप बरं, कारण लोण्यातला दुधाचा घन भाग आधी जळतो.

आणि रिकामी कवचं फेकू नका. अ‍ॅस्टॅझँथिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. कवचाचे तुकडे करून लोण्यात अगदी मंद आचेवर अर्धा तास ठेवा आणि गाळून घ्या. पिवळं लोणी नारिंगी होऊन बाहेर येतं.