सूचिचिकित्सा (ॲक्युपंक्चर)

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करण्याची, मूळची चिनी उपचारपद्धती. चिनी नाव ‘झेनजिऊ’. त्यातील ‘झेन’ म्हणजे सुई आणि ‘जिऊ’ म्हणजे औषधी पाला जाळून दिलेला शेक. ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द डच वैद्य विल्हेम तेन ऱ्हैने याच्या १६८३ मधील लॅटिन ग्रंथामुळे युरोपात रूढ झाला.

उगमाविषयी मतभेद आहेत. चीनमधील मावांगद्वी येथील थडग्यात (इ.स.पू. १६८) सापडलेल्या वैद्यकीय हस्तलिखितांत वाहिन्या आणि शेक यांचे वर्णन आहे, सुयांचा उल्लेख नाही. सुयांचा पद्धतशीर विचार *हुआंगदी नेइजिंग* या ग्रंथात आढळतो. त्याचे संकलन साधारणतः इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातले मानतात. त्यामुळे पाच हजार वर्षांच्या परंपरेचा दावा स्वीकारणे कठीण जाते. सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मे आणि सिरावेध यांच्या आधारे ही विद्या भारतातून चीनमध्ये गेली असेही एक मत आहे. मात्र मर्मे ही आघातापासून जपायची स्थाने, तर सिरावेधाचा हेतू रक्त काढण्याचा. रोग्याच्याच बोटांनी माप घेण्याची रीत (आपले अंगुल, त्यांचे ‘त्सुन’) दोन्हीकडे आहे. हे साम्य लक्षणीय असले तरी तेवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. चिनी उगमाचे मत अधिक सयुक्तिक वाटते.

महाराष्ट्रात या विद्येशी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव जोडले जाते. मात्र ते शल्यविशारद होते; १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे ही पद्धती शिकून कोलकात्यात आणली. राज्यात तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

सुई केसासारखी लवचिक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची आणि भरीव असते. तिच्यातून औषध जात नाही. गुडघ्याच्या वाटीखाली रोग्याचीच चार बोटे आडवी ठेवून, नडगीच्या किंचित बाहेर दाबले की ‘झूसानली’ हा बिंदू मिळतो. सुई शिरताना मुंगी चावल्यासारखे वाटते; मग जडपणा, झिणझिण्या किंवा आत ओढल्यासारखी जाणीव होते. तिला ‘दे ची’ म्हणतात. सुया वीस-तीस मिनिटे ठेवतात. काढल्यावर रक्ताचा थेंब येणे किंवा काळेनिळे पडणे किरकोळ समजावे. छातीवर सुई फार खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, पण हे क्वचितच घडते. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी आणि अर्धशिशी यांत काही आराम दिसतो; खोट्या सुयांशी (टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या किंवा भलत्या जागी टोचलेल्या) तुलना केली असता मात्र फरक थोडाच उरतो.

खानदेशात कपाशीची वेचणी, निंदणी अशी वाकून करायची कामे फार. ‘मनी कंबर दुखस’ म्हणत येणाऱ्याने सुईचे पाकीट समोर फोडायला सांगावे, तो त्याचा हक्कच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर हे आधी सांगावे. मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. वैशाखात उपाशीपोटी, उन्हातून एसटीने येऊन लगेच सुया घेतल्यास भोवळ येण्याचा संभव वाढतो; भाकर खाऊन, पाणी पिऊन, थोडे टेकून मग सुयांसाठी आडवे व्हावे. दुखऱ्या जागी डाग देण्याची, बिब्बा लावण्याची रीत जुनी आहे. बिब्बा उतून फोड आले असतील तर तेथे सुई टोचत नाहीत. म्हणून ती जागा लाज न धरता आधीच दाखवावी.